विश्लेषण : ‘मुळशी पॅटर्न’च्या ९७ वर्षे आधीची मुळशी… सेनापती बापटांच्या लढ्याचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा होता का?

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि मुळशी हे नाव महाराष्ट्रभर जमीन, पैसा आणि गुन्हेगारी यांच्याशी जोडले गेले. तीन वर्षांनी महेश मांजरेकर यांनी त्यावरून ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपट केला. मूळ चित्रपट सरस की नंतरचा, ही चर्चा तेव्हाही झाली आणि गाजलेल्या गुन्हेपटाचा पुढचा भाग म्हटले की ती होतेच. पण मुळशीच्या जमिनीची गोष्ट २०१८ मध्ये सुरू झालेली नाही. तिचा पहिला भाग १९२१ चा आहे. त्यात धरण आहे, बलाढ्य कंपनी आहे, सावकार आहेत आणि जमिनीसाठी उभे राहिलेले मावळे आहेत. त्याच गोष्टीचा दुसरा भागही घडला. त्यात पिस्तूल आले, तलवार आली आणि रुळांवर दगड रचून अडवलेली आगगाडी आली. दोन्ही भागांत असलेले आणि दुसऱ्याचे नायक ठरलेले पांडुरंग महादेव बापट म्हणजेच सेनापती बापट.

सेनापती बापट कोण होते?

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झाल्यावर मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ मध्ये ते विलायतेला गेले. एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला. सरळ मार्गाने गेले असते तर हा तरुण इंजिनीअर होऊन परतला असता आणि कदाचित अशाच एखाद्या मोठ्या प्रकल्पावर नोकरीला लागला असता. तसे झाले नाही. हिंदुस्थानातील ब्रिटिश कारभारावर त्यांनी उघड टीका केली आणि शिष्यवृत्ती बंद झाली.

लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांशी त्यांचा संबंध आला. तिथून ते पॅरिसला गेले. रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याचे तंत्र शिकणे, हे त्यामागचे काम होते. बंगालचे हेमचंद्र दासही त्याच कामासाठी पॅरिसमध्ये होते. या मंडळींनी मिळवलेली बॉम्बची कृती पुढे हिंदुस्थानात पोहोचली. १९०८ मध्ये बापट मायदेशी परतले.

त्याच वर्षी मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. पाठोपाठ कोलकात्यात अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. त्यातील माफीच्या साक्षीदाराने बापटांचे नाव घेतले आणि ते भूमिगत झाले. जवळपास चार वर्षे नाव, गाव, वेश बदलत त्यांनी काढली. १९१२ मध्ये इंदूरला ते पकडले गेले. त्यांच्याविरुद्ध ठोस पुरावा उभा राहिला नाही आणि काही काळाने सुटका झाली.

सुटकेनंतर त्यांनी काय केले?

इथे बापटांचे चरित्र अनपेक्षित वळण घेते. बॉम्बची कृती आणणारा माणूस पारनेरला परतला आणि हातात झाडू घेऊन रस्ते झाडू लागला. गावाची घाण ज्यांच्याकडून साफ करून घ्यायची त्यांनाच शिवायचे नाही, हा त्या काळचा रिवाज होता. उच्चवर्णीय घरातल्या, विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने रस्ता झाडणे, ही गावाच्या डोळ्यांत सलणारी गोष्ट होती. बापटांनी ती गाजावाजा न करता केली आणि ही सवय पुढेही सोडली नाही.

नंतर ते पुण्यात आले. वृत्तपत्रांत आणि ज्ञानकोशाच्या कामात काही काळ गेला. मधल्या काळात गांधीजींचा सत्याग्रहाचा मार्ग देशासमोर आला होता. बापटांना त्याची ओढ वाटत होती, पण सशस्त्र मार्ग कायमचा चूक, असे त्यांचे मत झालेले नव्हते. या दोन प्रवृत्ती त्यांच्यात शेजारी शेजारी राहत होत्या. मुळशीत त्या दोन्हींची परीक्षा झाली.

मुळशीत नेमका वाद कशाचा होता?

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवायचे, ते कोकणाच्या बाजूला शेकडो मीटर खाली सोडायचे आणि त्या धारेवर वीज तयार करायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले होते. पुढची पायरी होती मुळशी. टाटा पॉवर कंपनीची स्थापना १९१९ ची. मुळा आणि नीळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे आणि पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळवायचे, असे ठरले.

धरणाच्या पाण्याखाली जाणार होते मुळशी पेट्याचे खोरे. पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे यांचा हा प्रश्न होता. इथली भातखाचरे पिढ्यान् पिढ्या कसलेली. आंबेमोहोर तांदळासाठी मुळशीचे नाव पुण्याच्या बाजारात होते. खोऱ्यातला माणूस स्वतःला शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचा वारस मानत असे. त्याच्या खाचरात कंपनीने परवानगी न घेता चाचणीचे चर खणले आणि मग त्याला कळले की आपली जमीन जाणार आहे.

सरकारकडे १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सार्वजनिक हिताच्या नावाखाली एका खासगी कंपनीसाठी तो वापरला गेला. शेतकऱ्याची संमती विचारण्याची त्या कायद्यात तरतूद नव्हती. मोबदला किती, एवढाच काय तो प्रश्न.

त्यातही एक गुंता होता आणि पुढे तोच निर्णायक ठरला. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. कसणारा कूळ होता, कागदावर मालक सावकार. जमीन बुडाली तर सावकाराला पैसे मिळणार होते. कुळाचे मात्र राहते घर आणि पोटाचे साधन जाणार होते. एकाच लढ्यात उभ्या असलेल्या या दोघांचे हित वेगळे होते.

‘पहिला भाग’ कसा घडला?

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर चालून गेले. हातात शस्त्र नव्हते. काम चालू असलेल्या जागी ते जाऊन बसले, आडवे झाले. स्त्रियाही त्यात होत्या. पहिल्याच दिवशी काम थांबले. विनायकराव भुस्कुटे यांनी खोऱ्यात गावोगाव फिरून बांधणी केली होती. शंकरराव देव, न. चिं. केळकर अशी पुण्याची काँग्रेस मंडळी पाठीशी होती. बापट या लढ्यात पुढे होते.

सशस्त्र पहारा, खडी फोडणारे मजूर, कंपनीचे अधिकारी यांच्यासमोर निःशस्त्र शेतकरी बसून राहिला आणि यंत्रे थांबली. असहकाराची चळवळ नुकतीच देशात सुरू झाली होती. अशा वेळी मुळशीने दाखवून दिले की ही पद्धत शेतकऱ्याच्या हातातही चालते. गांधीजींनी आपल्या पत्रातून मावळ्यांना पाठिंबा दिला आणि टाटांना प्रकल्पाचा फेरविचार करण्याची विनंती केली. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी पुढे या लढ्यावर ग्रंथ लिहिला आणि जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हणून त्याची नोंद केली. २००९ मध्ये तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

या पहिल्या पर्वाचे यश कशात होते? माणसे मोठ्या संख्येने होती, त्यांचे म्हणणे सरळ होते आणि समोरच्याला गोळी चालवायला निमित्त मिळाले नव्हते. काम काही महिने थंडावले. पावसाळा मध्ये गेला. पण प्रकल्प रद्द झाला नव्हता.

‘दुसरा भाग’ का वेगळा झाला?

डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. या वेळी सरकारची तयारी होती. सत्याग्रही दिसला की अटक, खटला, तुरुंग. बापटही तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. मावळ्यांची घरेच्या घरे तुरुंगाच्या वाऱ्या करू लागली. शेतीचा हंगाम मात्र कोणासाठी थांबत नव्हता.

त्याच वेळी लढ्याला आतून चीर गेली. मोबदल्याचे आकडे पुढे येऊ लागले. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्या सावकारांना तडजोड सोयीची वाटू लागली. मालकाने पैसे घेतले की कुळाच्या पायाखालची जमीन कायद्याने निसटत होती. मग थकलेल्या शेतकऱ्यांपैकीही अनेकांनी मोबदला स्वीकारला. पुण्यातल्या पुढाऱ्यांचा उत्साह ओसरला. गांधीजींचे मतही बदलले. बहुसंख्य लोकांनी मोबदला घेतला आहे आणि लढ्याचा नेता अहिंसेवर पूर्ण विश्वास ठेवणारा नाही, अशा दोन कारणांवरून त्यांनी लढा आवरता घेण्याचा सल्ला दिला.

दुसरे कारण बापटांना थेट लागू पडणारे होते. तुरुंगातून बाहेर आल्यावर त्यांना दिसले की लोक विखुरले आहेत आणि भिंत उंच होत चालली आहे. शांततेच्या मार्गाने बसायचे तर बसायला माणसे उरली नव्हती. मग पॅरिसला गेलेला जुना बापट पुढे आला. कोणाचा प्राण न घेता काम बंद पाडता आले तर पाडायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. ही गोष्ट त्यांनी लोकांपासून लपवली नाही.

डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह ते धरणाच्या कामासाठी टाकलेल्या लोहमार्गावर गेले. रुळांवर दगड रचले. कमरेला पिस्तूल, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पेटता कंदील, अशा अवस्थेत चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस येणाऱ्या गाडीसमोर उभा राहिला. गाडी थांबली, गोळ्या झाडल्या गेल्या. पळून जाण्याचा त्यांचा विचारच नव्हता. ते पोलिसांच्या स्वाधीन झाले. शिक्षा झाली सात वर्षांची. ती त्यांनी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात एकांतवासात भोगली आणि १९३१ मध्ये ते बाहेर आले.

तोवर १९२७ साल उलटले होते. धरण पूर्ण झाले होते, भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले होते आणि खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली होती.

मग कोणता भाग सरस?

लोकांच्या आठवणीत दुसरा भाग राहिला, हे उघड आहे. कंदील, तलवार आणि आगगाडी हे चित्र एकदा ऐकले की विसरत नाही. बापटांना सेनापती ही पदवी लोकांनी मुळशीतूनच दिली. शाळेच्या पुस्तकात, पोवाड्यात, भाषणात तेच चित्र येते.

पण मोजमाप धरणाच्या कामावर केले तर निकाल उलटा लागतो. यंत्रे खऱ्या अर्थाने थांबली ती १९२१ च्या रामनवमीला, बाराशे निःशस्त्र माणसे बसली म्हणून. १९२४ मध्ये एक गाडी काही वेळ अडली. दुसऱ्या भागात धाडस जास्त होते, माणसे कमी होती. नायक मोठा झाला आणि गर्दी मागे गेली. गाजलेल्या थरारपटांच्या पुढच्या भागांत असे बहुतेक वेळा घडते. तिथे फक्त तिकीटबारी पडते, इथे खोरे बुडाले.

याचा अर्थ बापटांचे पाऊल निरर्थक होते, असा होत नाही. लढा आधीच हरत आला होता. तो बापटांमुळे हरला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सावकारांची तडजोड, खासगी कंपनीच्या बाजूने उभा असलेला कायदा आणि शहरी नेतृत्वाची माघार ही पराभवाची मुळे होती. सगळे निघून गेल्यावरही एक माणूस शेवटपर्यंत उभा राहिला, हे बापटांनी खोऱ्याला दिले. त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या आयुष्यातल्या सात वर्षांनी मोजली.

मोबदला कोणाला मिळाला?

मुळशीच्या गोष्टीतला हा सर्वात कडू भाग. पैसे मिळाले ते मुख्यतः जमिनीच्या मालकांना. कसणाऱ्या कुळांच्या हाती फारसे काही आले नाही. पुनर्वसन हा शब्दही तेव्हाच्या कायद्यात नव्हता. कोणी वरच्या डोंगरउतारावर सरकले, कोणी पुण्यामुंबईला मजुरीला गेले. शेतकऱ्याचा मुलगा जमिनीविना शहरात पोहोचण्याची वाट मुळशीत तेव्हापासून पडली आहे.

कायदा बदलायला फार वर्षे लागली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो १९७६ मध्ये. १८९४ चा भूसंपादन कायदा रद्द होऊन केंद्राचा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, प्रकल्पाचा सामाजिक परिणाम आधी तपासायला हवा आणि जमीन नावावर नसली तरी तिच्यावर पोट असलेले कूळ व मजूर बाधित धरले जावेत, अशा तरतुदी त्यात आल्या. मुळशीचा मावळा १९२१ मध्ये जे मागत होता, त्यातले बरेचसे कागदावर यायला ९० हून अधिक वर्षे गेली.

बापटांचे पुढे काय झाले?

सात वर्षांच्या एकांतवासानंतर माणूस घरी बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. बापट लगेच पुन्हा चळवळीत उतरले आणि भाषणांवरून पुन्हा तुरुंगात गेले. १९३७ मध्ये सुटका झाली. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील लढ्यात ते गेले. सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे महाराष्ट्रातील नेतृत्व त्यांनी केले. तुरुंगातला वेळ वाचन आणि लेखनात गेला. योगी अरविंदांच्या ग्रंथांचे मराठी अनुवाद त्यांनी केले, कविता लिहिल्या.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. त्यानंतरही ते थांबले नाहीत. १८ मे १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी हद्दीत शिरली, तिच्या अग्रभागी नानासाहेब गोरे यांच्याबरोबर चौऱ्याहत्तर वर्षांचे बापट होते. पोर्तुगीज पोलिसांचा मार त्यांनी खाल्ला. या वेळी हातात काहीही नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही ते अग्रभागी राहिले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. टपाल खात्याने १९७७ मध्ये त्यांच्या नावाचे तिकीट काढले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्यावरून रोज जाणाऱ्या अनेकांना त्या नावामागचे मुळशी ठाऊक नसते.

आज या गोष्टीचे महत्त्व काय?

पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्यालय. पुण्याच्या पश्चिमेला लागून असलेल्या या तालुक्यात आज हिंजवडीचे आयटी पार्क आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत, भूगाव-सूसच्या सोसायट्या आहेत, डोंगरात लवासा आहे. जमीन आता बहुतेक ठिकाणी सक्तीने जात नाही, विकली जाते. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये दिसते ते हेच. जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचा मुलगा राहुल गुन्हेगारीच्या वाटेला लागतो. शंभर वर्षांपूर्वी जमीन घ्यायला कंपनी आली होती. आता दलाल गाडी घेऊन येतो आणि पैसे हातात ठेवतो. पैसे संपल्यावर काय, हा प्रश्न मात्र दोन्ही काळांत तोच राहिला.

त्या अर्थाने चित्रपट हा १९२१ च्या गोष्टीचा उत्तरार्धच आहे आणि मूळ गोष्टीशी तुलना केली की त्यात काय हरवले ते दिसते. चित्रपटातला राहुल एकटा लढतो आणि लढाई त्याच्याच माणसांविरुद्ध होते. रामनवमीच्या दिवशी बसलेले मावळे एकत्र होते आणि त्यांना आपला प्रतिपक्ष नेमका माहीत होता. एकी फुटली तिथून मुळशीचा पराभव सुरू झाला. सेनापती बापटांचे धाडस मोठे होते, तरी ते त्या फुटलेल्या एकीची जागा भरून काढू शकले नाही.

उन्हाळ्यात मुळशी धरणाची पातळी खाली जाते तेव्हा जुन्या वस्त्यांच्या खुणा वर येतात. जूनमध्ये पाऊस लागला की त्या पुन्हा बुडतात आणि त्याच पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होत राहते.